तेवीस मुलाखतींत मी नाही

विद्यापीठाच्या कागदांवर आमचे हे दोनदा विधुर झालेत, तीनदा आजन्म अविवाहित राहिलेत आणि एकदा त्यांची बायको परदेशी पळून गेली आहे. ह्या सगळ्या कहाण्यांचं बाइंडिंग मी स्वतःच्या हातांनी केलंय. पळून गेलेल्या बायकोला तर मी चांगलं जाड प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. म्हटलं, जाऊ दे बिचारी, लांबचा प्रवास आहे.

आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, संज्ञापन आणि पत्रकारिता विभागाच्या अगदी नाकासमोर. दोन मशिनं, एक कागद कापायचा कटर, एक स्पायरल बाइंडिंगचं यंत्र आणि आम्ही दोघं. जागा इतकी की एकाने वळायचं तर दुसऱ्याने श्वास आत घ्यायचा. त्या विभागात पहिल्या वर्षाला दर वर्षी एक गृहपाठ असतो, 'एका सामान्य माणसाची मुलाखत'. मास्तर सांगतात, शहरभर फिरा, माणसं शोधा. पोरं फाटकातून बाहेर येतात, समोर आमचे हे दिसतात आणि शोध तिथेच संपतो. सामान्य माणूस सापडला, शिवाय मुलाखत झाली की तिथेच झेरॉक्स आणि बाइंडिंग. एका वर्गातले सगळेच येतात असं नाही, पण एखादा तरी येतोच. अशा तेवीस मुलाखती आजवर झाल्या.

पहिला मुलगा मला आठवतो. प्रश्न पाठ करून आला होता, तरी कागदात बघूनच विचारला. "तुमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा संघर्ष कोणता?" ह्यांनी मशिनचं झाकण खाली केलं आणि शांतपणे म्हणाले, "मी आधी मासेमारीच्या बोटीवर होतो." आत माझा कटर अर्ध्यात थांबला. आमच्या ह्यांना पाण्याची इतकी भीती की बादली काठोकाठ भरली तरी दोन पावलं मागे सरतात. पुढची वीस मिनिटं वादळ काय, फाटलेलं जाळं काय, बुडालेला मित्र काय. त्या मित्राला तर मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी. पोराला वीसपैकी अठरा मार्क पडले.

घरी जाताना मी म्हटलं, "अहो, ही लोणकढी कशाला?"

"घाबरला होता तो," हे म्हणाले. "त्याला पहिलं वाक्य हवं होतं. आपल्या खऱ्या आयुष्यात पहिलं वाक्य नाही."

तेव्हापासून हा धंदाच झाला. ज्याला घाई आहे त्याला छोटी गोष्ट, ज्याला गुरुजींना रडवायचंय त्याला विधुराची. वर पुन्हा शिकवायचे, "हे शेवटी नको लिहू, वर घे. वाचणारा शेवटपर्यंत येईलच असं धरून चालू नकोस." पोरं तोंडाचा आ करून बघत राहायची, काकांना कसं कळतं सगळं. कळणार नाही तर काय, मशिनवर ठेवलेला प्रत्येक कागद हे उलटा वाचतात. त्या विभागात इतक्या वर्षांत जे काही शिकवलं गेलं ते सगळं आमच्या काचेवरून गेलंय. पुष्कळ मास्तरांपेक्षा ह्यांचा अभ्यास ताजा आहे, पण विचारतो कोण.

आणि हे त्या विभागात शिकलेले आहेत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं पाऊण वर्ष. दुसऱ्या मजल्यावर डावीकडून तिसरी खिडकी, तो त्यांचा वर्ग. सव्वादहाची घंटा झाली की आमच्या ह्यांची मान अजून तिकडे जाते, हातात कुणाचा का कागद असेना. न्यायालयाजवळ चांगली ऐसपैस जागा मिळत होती, गिऱ्हाईक चौपट, मित्र हातापाया पडला. हे नाही म्हणाले. माहेरी राहता येत नाही आणि वेस सोडवत नाही, अशातली गत. मी त्यावरून पुष्कळ टोमणे मारलेत, पण खिडकीकडे बघताना ह्यांचा चेहरा असा होतो की माझी जीभ आपोआप आत जाते.

कारण तो वर्ग सुटला तो माझ्यामुळे.

मी तेव्हा एकवीस वर्षांची, टेलिफोन बूथवर बसायचे. मोबाइल अजून लोकांच्या खिशात आले नव्हते. काचेची एक खोली, तिच्यात फोन, बाहेर टेबल, टेबलामागे मी. काच होती, पण आवाज काही तिला जुमानत नव्हता. लोक आत शिरले की समजायचे, आता आपल्याला फक्त पलीकडचा ऐकतोय. मला अख्ख्या गल्लीचं सगळं ठाऊक असायचं आणि मी हूं की चूं करत नव्हते.

एक दिवस वही घेऊन हे आले. तोच गृहपाठ, सामान्य माणसाची मुलाखत. अर्ध्या तासाचं काम. हे अकरा दुपारी आले.

त्यांनी मला काय काय विचारलं ते मला आजही सांगता येईल. रिकाम्या वेळात फोनकडे बघून काय वाटतं. कुणाचा आवाज ऐकला की दिवस बरा जातो. खोटं बोलताना लोक तुमच्याकडे पाठ करतात का. मी म्हटलं, उलटं आहे, खोटं बोलताना लोक माझ्याकडे बघून हसतात, खरं बोलायचं असलं की पाठ करतात. हे त्यांनी लिहून घेतलं. आमच्या घरात सहा माणसं होती, पण विचारून उत्तराची वाट बघणारं त्यांत एकही नव्हतं. हे विचारायचे आणि थांबायचे. पेन टेकवून, खाली बघत, मी बोलेपर्यंत. मी त्या थांबण्याच्या प्रेमात पडले, कशाला लपवू. दुपारचे तीन वाजायला आले की मी ओढणी सारखी करायला लागायचे.

आणि मी सुटलेच. दर गुरुवारी एक बाई येऊन कुणालातरी फोन करायची, तिच्याबद्दल मी सांगितलं. सांगायला नको होतं.

लेख विभागाच्या सरावाच्या वर्तमानपत्रात छापून आला. मुलं स्वतःच लिहितात, स्वतःच छापतात, तीनशे प्रती. ह्यांनी कुणाचंही नाव दिलं नव्हतं, बूथवरची मुलगी, गुरुवारची बाई, एवढंच. पण गल्लीत बूथ एक आणि गुरुवारी निळी छत्री घेऊन येणारी बाईही एकच. नाव न घेता सगळं सांगणं ह्याला त्यांच्या अभ्यासक्रमात काय म्हणतात देव जाणे, आमच्यात त्याला चव्हाट्यावर मांडणं म्हणतात. कुणाचातरी भाचा विभागात होता, त्याच्या दप्तरातून तो अंक त्या बाईच्या घरी पोचला. ती पुन्हा बूथवर आली नाही. तिच्याबद्दल ह्याहून जास्त मी इथेही सांगणार नाही.

मालकाने मला त्याच आठवड्यात काढलं. "बूथवर कान चालतात, तोंड चालत नाही," म्हणाला. आणि त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. पुढे जिथे काम मागायला जावं तिथे माझ्याआधी माझी कीर्ती पोचलेली.

ह्यांनी विभागात जाऊन नाव काढून घेतलं. मास्तरांनी समजावलं म्हणे, की चुका करूनच माणूस शिकतो, पण ह्यांचं एकच, माझ्या शिकण्याला दुसऱ्याचं घर लागलं. मग चाळीसेक दिवसांनी आमच्या दारात उभे. आईला सरळ म्हणाले, तुमच्या मुलीशी लग्न करायचंय. आई माझ्याकडे बघायला लागली, मी मान हलवली. झालं.

लग्नात मी पाहुण्यांना पाणी घेऊन चालले होते, तर मागे मोठा दादा कुणालातरी सांगत होता, "चूक पोराने केली खरी, पण निस्तरली बघ." मी तसंच पुढे जाऊन पाणी दिलं. ते वाक्य मात्र घशात अडकलं ते अडकलंच. मी माणूस होते की चूक? माझ्यावर जीव होता की मला निस्तरलं? विचारायचं कुणाला? ह्यांनाच विचारायला हवं होतं, पण हो म्हणाले असते तर जायचं कुठे. झाकली मूठ बरी, म्हणून गप्प बसले.

आणि हे तर माझ्याहून गप्प. म्हणजे बोलतात भरपूर, विचारत नाहीत. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. लोकांना खोटं वाटतं, पण खरंच एकही नाही. भाजी काय आणू असं कधी नाही, "भाजी आणतो," आणि पिशवी घेऊन चालू पडायचं. कपाळाला हात लावायचा आणि "तुला ताप आहे, झोप." मुलगी झाली तेव्हा खाटेजवळ बसून म्हणाले, "दुखतंय तुला." मुलीला हजार प्रश्न विचारतात, ती आता दुसऱ्या शहरात नोकरी करते तर फोनवर तासभर चौकशी चालते. गिऱ्हाइकाला विचारतात, उभं की आडवं, एका बाजूने की दोन्ही. त्यांचे ते पाच 'क' असतात ना, कोण, काय, कुठे, केव्हा, का, त्यांतला एकही माझ्या वाट्याला आला नाही. मला वाटायचं, एकदा विचारलं आणि घर मोडलं, म्हणून कानाला खडा लावलाय. समजत होतं मला. पण आई गेली तेव्हा मी चार दिवस भिंतीला टेकून बसले होते, आणि हे रोज माझ्या शेजारी येऊन नुसते बसायचे. तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, विचारा ना काहीतरी. काहीही. तो वहीवाला मुलगा माझ्या घरात राहत होता, माझ्याच ताटात जेवत होता, आणि मला त्याची इतकी आठवण यायची की काय सांगू.

म्हणून त्या मुलाखती मी हसत हसत बांधल्या तरी आधी वाचायचे. एखाद्या तरी खोट्यात मी असेन. एका वर्षी हे सर्कशीत होते, निदान त्या तंबूत तरी मला एखादी खुर्ची ठेवली असेल. कुठेच नव्हते. बायको मेलेली असली तर ती शिक्षिका असायची, पळालेली असली तर गाणारी. बूथवरची मुलगी एकाही कागदावर नाही.

गंमत बघा, जो विभाग वर्षभर पोरांना सांगतो की प्रत्येक गोष्ट तपासून घ्या, त्याच्या समोरच्या दुकानातला माणूस तेवीस वर्षं दर वर्षी वेगळं आयुष्य सांगतोय आणि कुणाला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तो उजेडात आणला एका मुलीने. यंदा विभागात नवीन बाई आल्या, त्यांनी वेगळाच गृहपाठ काढला. ग्रंथालयातली जुनी मुलाखत घ्यायची आणि तिच्यातला शब्दन् शब्द खरा की खोटा ते तपासायचं. एक दिवस सकाळी हे टोनर आणायला गेले होते, तर ही पोरगी काउंटरवर. सडपातळ, केस करकचून बांधलेले, हातात मी बांधलेली एक जुनी प्रत.

"इथले काका आहेत का? त्यांच्या पत्नीच्या निधनाची तारीख तपासायची होती."

"कुठल्या पत्नीच्या?" मी विचारलं.

तिने पेन उघडलं. "किती होत्या?"

"एकच. ती मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वहीत बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "पण तुम्ही बारा वर्षांपूर्वी वारलात."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? चिमटा काढून बघ."

चिमटा नाही काढला, पण माझं ओळखपत्र मागितलं. मी दिलं. तिने नाव, जन्मतारीख सगळं उतरवून घेतलं, आभार मानले आणि गेली. मी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं उलटतपासणी. एवढी हसले मी की एका गिऱ्हाइकाची पानं उलटी बांधली.

पण उलटतपासणी थांबणारी नव्हती. दोन दिवसांत तिने ग्रंथालय उपसलं आणि तेवीसच्या तेवीस मुलाखती गोळा केल्या. ह्यांच्याकडे रोज यायची. पहिल्या दिवशी हे म्हणाले, "ते नजरचुकीने झालं असेल." दुसऱ्या दिवशी तिला एक नवीनच गोष्ट सांगायला लागले, तुरुंगातल्या कारकुनाची. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "काका, ही मी खोटी म्हणूनच लिहून घेतली आहे."

शनिवारी दुपारी विभागाला अर्धी सुट्टी असते, रस्ता ओस पडतो. ती आली, काउंटरवर एक भलामोठा तक्ता पसरला. एका बाजूला वर्षं, दुसऱ्या बाजूला नोकरी, गाव, बायको, मुलं.

"तेवीस मुलाखती आणि एकही गोष्ट जुळत नाही," ती म्हणाली. "वयसुद्धा दोनदा मागे गेलंय. पण सगळ्यांत एक सारखं आहे. खऱ्या काकू कुठेच नाहीत. एवढं खोटं बोलताना चुकून एकदा तरी खरी बायको तोंडात येते. तुम्ही ठरवून टाळलंय."

"मशीन तापलंय," हे म्हणाले आणि उठायला लागले.

"मशीन बंद आहे," मी आतून म्हटलं. "बसा. सांगा तिला."

ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी कटर खाली ठेवला. एकदाचं ऐकायचंच होतं मला. हो म्हणाले असते तर हो, पण हे घशातलं बाहेर पडायला हवं होतं. सत्तेचाळीस वर्षांची झाले, आणखी किती वाट बघायची?

ह्यांनी सांगायला सुरुवात केली. बूथ, वही, अकरा दुपारी. काचेबाहेर बसलेली मी काय घालायचे ते ह्यांना आठवत होतं, मलाही नव्हतं आठवत. उलटतपासणी भरभर लिहीत होती. गुरुवारची बाई आली तसा ह्यांनी तिच्या पेनावर हात ठेवला. "हे नको." तिने ती ओळ खोडली, अक्षर दिसणार नाही अशी खोडली. मग लेख, माझी नोकरी, ह्यांचं शिक्षण सोडणं.

ती थांबली. "म्हणजे चूक निस्तरायला लग्न केलंत?"

पोर ती, उचलली जीभ लावली टाळ्याला. जे विचारायचं मला सव्वीस वर्षं धाडस झालं नाही ते तिने एका दमात विचारलं. मी बाइंडिंगच्या यंत्राचा दांडा धरून उभी राहिले.

"चूक निस्तरायलाच गेलो होतो तिच्या घरी," हे म्हणाले. "पण लग्नाचं विचारायला गेलो नव्हतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं.

ते चाळीस दिवस हे एका मोठ्या दैनिकाच्या कचेरीत खेटे घालत होते. विभागातून सरावासाठी तिथे पाठवलं होतं, त्यामुळे वृत्तसंपादक तोंडओळखीचे. त्यांना रोज गाठून म्हणायचे, माझ्यामुळे एका मुलीची नोकरी गेली, तिला घ्या. तिला आवाज ओळखता येतात, तिच्याइतकं लक्ष देऊन ऐकणारं मी कुणी पाहिलं नाही. शेवटी ते कंटाळले आणि त्यांनी पत्र दिलं. कचेरीच्या टेलिफोन बोर्डवर ऑपरेटर. माझं नाव टाइप केलेलं, हजर व्हायची तारीख, खाली सही-शिक्का.

"ते द्यायला गेलो होतो," हे म्हणाले. अजून माझ्याकडे बघत नव्हते, काउंटरच्या काचेशी बोलत होते. "दार हिने उघडलं. हातात पिळलेला कपडा होता. म्हणाली, 'तुम्ही आलात.' एवढंच म्हणाली. आणि माझ्या मनात आलं, पत्र दिलं की ही शहराच्या त्या टोकाला जाईल. माझं देणं संपेल. मग हिला भेटायला मला कसलं कारण उरणार? पत्र खिशातच राहिलं. आतून हिच्या आई आल्या, त्यांना मी भलतंच विचारून बसलो."

"पत्राचं काय केलंत?" उलटतपासणीने विचारलं, पण आता ती लिहीत नव्हती.

"तारीख उलटेपर्यंत ठेवलं. मग फाडलं." ह्यांनी चष्मा काढला. "हिच्या हातात काम नव्हतं, गल्लीत नाव खराब झालेलं, तेही माझ्यामुळे. आणि हिच्यासाठी एक दार उघडं होतं ते मी हिला दिसू दिलं नाही. त्यावर ही मला हो म्हणाली. त्या होकाराचा मी काय अर्थ घ्यायचा? म्हणून मी हिला काही विचारत नाही. विचारायची सवय लागली तर एक दिवस हेही विचारावं लागेल."

मला काय झालं ते सरळ सांगते. आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा येईल इतका आनंद झाला. दादा चुकला होता. मला निस्तरलं नव्हतं. मला भेटायचं कारण उरणार नाही म्हणून एक तरुण मुलगा आमच्या दारात घाबरला होता. आणि तो आनंद अजून पुरता पोटात उतरला नाही तोच असा संताप आला की मी तो दांडा सोडला, म्हटलं काहीतरी मोडेल.

दैनिकाच्या कचेरीतला टेलिफोन बोर्ड. शहरातली प्रत्येक बातमी छापून यायच्या आधी माझ्या कानावरून गेली असती. कुठे आग लागली, कोण निवडून आलं, कोण गेलं, सगळ्यांनी आधी मला सांगितलं असतं, आणि मी "थांबा, जोडून देते" म्हटलं असतं. कानाला ते यंत्र लावलेली एकवीस वर्षांची मी मला तिथे त्या कटरजवळ उभ्या उभ्या दिसली. किती छान दिसत होती. तिला भेटायची मला कधी संधीच मिळाली नाही.

"सव्वीस वर्षं मी स्वतःला भरपाई समजून जगले," मी म्हटलं. "आणि भरपाई तुमच्या खिशात होती."

ह्यांनी मान खाली घातली.

उलटतपासणी उठली. तक्ता गुंडाळला, दोनदा हातातून सुटला. दाराशी जाऊन थांबली. "काकू, मी हे लिहू का? नको असेल तर नाही लिहिणार. मार्क गेले तरी चालतील."

कुणीतरी आधी विचारलं, हेच खूप झालं. "आमचं लिही," मी म्हटलं. "झालं तसं लिही, मला मेलेली दाखवू नकोस. त्या बाईचं मात्र एक अक्षर नको. छत्रीसुद्धा नको."

ती गेली. हे बराच वेळ फडक्याने मशिनची काच पुसत राहिले. स्वच्छच होती ती. मी टेबलावरची पानं लावत होते, कुणाची होती, कितवी होती, काही कळत नव्हतं. मग मुलाखतीला येणारी पोरं ज्या स्टुलावर बसतात ते ह्यांनी ओढलं आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"ते पत्र तुला दिलं असतं, तर काय केलं असतंस?"

विचारून थांबले. रस्त्यावरून एक सायकल गेली, विभागाचा शिपाई फाटकाला कुलूप घालून गेला, तरी थांबलेच होते.

"नोकरी घेतली असती," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. हे उत्तर येणार हे ठाऊक असल्यासारखी. "आणि मी?"

"तुम्ही नंतर यायचं होतंत. महिन्याने या, वर्षाने या. मी हो म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं, माझ्या पगाराच्या दिवशी, माझ्या मर्जीने. ते मला म्हणायचं होतं हो, आणि तुम्ही मला म्हणू दिलं नाहीत."

बोलता बोलता मला रडू कोसळलं आणि ह्यांनाही. दोघंही पन्नाशीला टेकलेली माणसं, भरदुपारी, मधे बाइंडिंगचं यंत्र. मी त्यांची समजूत घातली नाही आणि त्यांनी माझी घातली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आता विचारलं तर?"

"काय विचारलं तर?"

"तेच. सगळं माहीत असताना. माझ्याशी लग्न करशील?"

मी म्हटलं, "थांबा. विचार करून सांगते."

ह्याला आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मशीन सुरू करतात, मग माझ्यासमोर उभं राहून तोच प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत थांबतात. उत्तर माझ्याकडे पहिल्या दिवसापासून तयार आहे. पण ते दिलं की विचारणं थांबेल, म्हणून अजून दिलेलं नाही.